चिंधीचे मोल : भवानी पेठेतील गोधडीकाम

भाद्रपद सरत आला, की घटस्थापनेपूर्वी घरातील सर्व अंथरुणे-पांघरुणे धुऊन काढण्याची आपल्याकडे चाल आहे. खेड्यांत या दिवसांत ओढ्याकाठी, नदीकाठी व विहिरीवर गोधड्या धुण्याची एकच लगबग असते. शहरात तेच दृश्य गच्चीवर व जिन्याच्या कठड्यावर दिसते. सोलापूर हे चादरींचे गाव. तेथील भवानी पेठेत यंत्रमागाचा खडखडाट सवयीचा. ज्या शहराने उभ्या देशाला चादरी पुरविल्या, त्याच शहरात जुनेर जोडून गोधडी शिवण्याचे कारण काय, असा प्रश्न कोणासही पडावा.

याचे उत्तर साधे आहे. चादर ही विकत घेण्याची वस्तू होय. गोधडी ही घरात जे झिजले, त्यातून उभी राहते. पीक निघाल्यावर कडबा, भुसा व शेण यांचा ज्या शेतकऱ्याने उपयोग करून घेतला, त्याचे शेत टिकते. घरसंसाराचाही न्याय तोच आहे.

विणकरांची वस्ती

सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनीची गिरणी १८७७ साली सुरू झाली. लोक तिला ‘जुनी गिरणी’ म्हणून ओळखू लागले. तिच्यामागून आणखी गिरण्या निघाल्या. तेलंगणातून येऊन स्थायिक झालेल्या पद्मशाली विणकरांनी आधी हातमागाचा व पुढे यंत्रमागाचा धंदा येथे रुजविला. कालांतराने गिरण्यांचे भोंगे बंद झाले. परंतु विणकाम थांबले नाही. जॅकार्ड पद्धतीच्या मागावर नक्षी उतरविलेली सोलापुरी चादर व सोलापुरी टेरी टॉवेल या दोहोंस भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. अलीकडच्या काळात शालेय गणवेश शिवण्याच्या उद्योगानेही शहरात चांगले मूळ धरले आहे. जेथे एवढे कापड विणले व कापले जाते, तेथे तुकडे, काठ व कातरण यांची वाण पडत नाही.

भवानी पेठेत मराठी, तेलुगू, कन्नड व उर्दू या चारही भाषा कानी पडतात. या पेठेतील एका भागाचे नावच घोंगडे वस्ती असे आहे. मराठी घरात जिला गोधडी किंवा वाकळ म्हणतात, तीच तेलुगू घरात बोंत, कन्नड घरात कौदी व उर्दू बोलणाऱ्या घरात गुदडी होते. भाषा चार झाल्या, तरी सुई एकच व धावदोराही एकच. शेजारणी एकमेकींच्या दारात बसून दोरा ओवतात, तेव्हा परस्परांची भाषा पुरी अवगत असण्याची गरज भासत नाही.

एक घर

उदाहरणादाखल या पेठेतील एक घर डोळ्यांसमोर आणावे. घर कल्पित असले, तरी अपरिचित वाटू नये. दोन खोल्या, पुढे अरुंद ओटा, वर पत्रे. घरधनी यंत्रमागाच्या कारखान्यात कामास जातात. मुलगा व सून, एक शाळकरी नात, आणि पन्नाशी ओलांडलेली गृहिणी असे कुटुंब. गृहिणीचे माहेर अक्कलकोट तालुक्यातील कोरडवाहू शेतकऱ्याचे. धाकटी लेक सासरी असून पहिल्या बाळंतपणासाठी दिवाळीनंतर माहेरी यावयाची आहे.

या गृहिणीस गोधडीचा छंद आहे. दुपारी भांडी आवरली, की ती ओट्यावर सतरंजी अंथरते आणि पलंगाखालचे बोचके ओढून घेते. त्या बोचक्यात काय नाही? नवऱ्याच्या सदऱ्यांच्या पाठी, सुनेच्या ओढण्या, नातीचे तोकडे झालेले झगे, आणि गणवेश शिवणाऱ्या कारखान्यातून वजनावर आणलेले कातरण. कधी एखादा डागी चादरीचा तुकडा हाती लागला, तर तो दिवस तिला सणासारखा वाटतो. जाड विणीचा असा तुकडा मधल्या थरास उत्तम. त्याने गोधडीस अंग येते.

तिची सर्वांत मोठी हानी मात्र दहा वर्षांपूर्वीची आहे. दारावर बोहारीण आली असता तिने सासूबाईंची दोन जुनी सुती लुगडी देऊन त्यांच्या बदल्यात स्टीलचा एक डबा घेतला. डबा आजही घरात आहे व त्यात पोहे ठेवले जातात. परंतु तशा मऊ, शंभर वेळा धुतलेल्या कापडाची गोधडी त्यानंतर घरात झाली नाही. “अक्का, डबा बाजारात कधीही मिळाला असता,” असे शेजारीण त्या वेळी म्हणाली होती. ते बोल खरे ठरले. असे जुने कापड बाजारात कोणत्याही भावाने मिळत नाही. ते वीस वर्षे नेसून व धुऊनच तयार होते.

घरातील लोखंडी ट्रंकेत मात्र एक लुगडे अद्याप आहे. ते या गृहिणीच्या आईचे, नऊवारी, इरकली. अंगाचा रंग गडद निळा, काठ तांबडे. आई हे लुगडे नेसून ज्वारीची खुरपणी करी. तिला जाऊन तीन वर्षे झाली. लेकीच्या बाळासाठी या लुगड्याची गोधडी करावी, असे गृहिणीच्या मनात येते. पण कात्री हाती घेतली, की हात थबकतो. लुगडे फाडले, तर आईची आठवण मोडल्यासारखे होईल. न फाडावे, तर ते कोणाच्याच उपयोगी पडणार नाही. हा पेच सोडविण्यापूर्वी गोधडीकामाची रीत नीट समजून घेणे इष्ट होय.

कापडाची पारख

गोधडीची ऊब कापडाच्या जाडीपेक्षा थरांमध्ये अडकून राहणाऱ्या हवेत असते. म्हणून एक जाड कापड घेण्यापेक्षा चार-पाच पातळ थर एकत्र शिवणे अधिक फायद्याचे ठरते. सोलापूरची थंडी अल्पकाळाची व उन्हाळा कडक. तेव्हा आतील थर सुती असणे अगत्याचे आहे. सूत घाम शोषून घेते व धुतल्यावर अधिक मऊ होते.

आजकाल घरातील बहुतेक जुने कपडे पॉलिस्टरचे किंवा मिश्र धाग्याचे असतात. गणवेशाच्या कातरणातही मिश्र धाग्याचा भरणा पुष्कळ असतो. असे कापड दिसावयास तजेलदार असले, तरी घाम शोषीत नाही व टाक्याखाली निसटते. शिवाय विस्तवाजवळ ते वितळून त्वचेस चिकटते, हा मोठा धोका होय. संशय आल्यास कापडाचा एक धागा काढून, चिमट्यात धरून, मोकळ्या जागी जाळून पाहावा. सुती धागा कागदासारखा जळतो, त्याचा वासही जळक्या कागदासारखा येतो व मागे मऊ राख उरते. पॉलिस्टरचा धागा आक्रसतो व टोकाशी टणक गोळी बनते. मिश्र धाग्यात दोन्ही लक्षणे दिसतात. बाळाच्या व वृद्धांच्या गोधडीत केवळ सुतीच कापड घालावे.

दुसरी काळजी रंगाची. या गृहिणीने आपली पहिली गोधडी शिवली, तेव्हा तांबड्या खणाचे नवे तुकडे न धुताच पांढऱ्या धोतरावर जोडले. पहिल्याच धुण्यात पांढरे गुलाबी झाले व सर्व मेहनत डागाळली. तेव्हापासून तिने एक नियम केला आहे. बोचक्यात येणारा प्रत्येक तुकडा प्रथम धुवावयाचा, उन्हात वाळवावयाचा, आणि ओल्या पांढऱ्या फडक्याने घासून पाहावयाचा. फडक्यास रंग लागला, तर तो तुकडा पुन्हा धुवावा. तरीही रंग सुटत राहिल्यास त्यास गोधडीत स्थान देऊ नये. आधी धुण्याचा आणखी एक लाभ असा, की नवे सुती कापड आटावयाचे ते आधीच आटून घेते. तसे न केल्यास शिवलेली गोधडी पहिल्या धुण्यानंतर जागोजाग ओढल्यासारखी होते.

शिवण्याची रीत

प्रथम तळाचे अखंड कापड जमिनीवर ताणून अंथरावे. चार कोपऱ्यांवर वरवंटा, पाटा किंवा तत्सम वजन ठेवावे, म्हणजे सुरकुती पडत नाही. त्यावर मधले थर घालावेत. फाटक्या जागा एकावर एक येणार नाहीत, अशा बेताने कापड फिरवून ठेवावे. सर्वांत वर रंगीत तुकड्यांची जोडणी किंवा अखंड साडी पसरावी. नंतर लांब कच्चे टाके घालून सर्व थर टाचून घ्यावेत. हे काम एकटीने करण्यापेक्षा दोघींनी समोरासमोर बसून करणे सोयीचे पडते.

कडा आत दुमडून शिवल्यावर, किंवा त्यांस गोट लावल्यावर, धावदोरा घालण्यास आरंभ करावा. कडेपासून आरंभ करून चौकोनी फेऱ्यांनी मध्याकडे जाण्याची रीत पुष्कळ घरांत आहे. मात्र प्रत्येक फेरीस कापड हाताने मध्याकडे सारवून घ्यावे लागते. नाही तर शेवटी मधोमध फुगा राहतो. दोन ओळींतील अंतर सुमारे दोन सेंटिमीटर ठेवावे. अंतर अधिक ठेवल्यास धुताना आतील जुने थर सरकतात व त्यांचा गोळा होतो. दोरा सुती व बळकट घ्यावा. त्यास थोडे मेण लावल्यास गुंता होत नाही. मधल्या बोटास अंगुस्तान घालण्यास आळस करू नये. काम संपल्यावर सुया मोजून ठेवणे हे तर कर्तव्यच समजावे. ज्या गोधडीवर मूल निजावयाचे, तीत सुई राहून गेल्यास अनर्थ ओढवेल.

तान्ह्या मुलासाठी पातळ दुपटे शिवून ते अंगाखाली अंथरावे. निजलेल्या तान्ह्याच्या अंगावर जड गोधडी घालू नये, व कोणतेही मऊ पांघरूण त्याच्या तोंडावर येऊ देऊ नये.

श्रमाचा हिशेब

गोधडी ‘फुकटात’ होते, असे सर्रास म्हटले जाते. हा समज कितपत खरा आहे, ते पाहणे उद्बोधक ठरेल. सहा फूट लांब व चार फूट रुंद, म्हणजे सुमारे १८० सेंटिमीटर बाय १२० सेंटिमीटर गोधडी घेतली व दोन सेंटिमीटर अंतरावर ओळी धरल्या, तर धावदोऱ्याची एकूण लांबी १०८ मीटर होते. सेंटिमीटरला एक टाका धरला, तर एका गोधडीत १०,८०० टाके पडतात. चार-पाच थरांतून सुई काढीत एक मीटर शिवण्यास वीस मिनिटे लागली, तर नुसत्या धावदोऱ्यास ३६ तास लागतील. दररोज दुपारचे दोन तास दिले, तर हे अठरा दिवसांचे काम झाले. कापड धुणे, निवडणे, कापणे, जोडणे व टाचणे हे त्याहून निराळे.

या छंदाची वार्ता पेठेत पसरली, की एखाद्या दिवशी कोणीतरी गोधडी विकत मागण्यास येते व चादरीच्या भावाशी तुलना करून किंमत पाडू पाहते. समजा, एका गोधडीचे नऊशे रुपये मिळाले व दोरा, गोट यांचा खर्च शंभर रुपये आला. उरलेल्या आठशे रुपयांना ३६ तासांनी भागले, तर तासाला जेमतेम बावीस रुपये पडतात; आणि यात कापडाची किंमत धरलेलीच नाही. शेतीच्या हिशेबात ज्याप्रमाणे घरच्या माणसांची मजुरी सोडून दिली जाते व मग पीक फायद्यात आल्यासारखे वाटते, तोच प्रकार येथे घडतो. हौसेने शिवून लेकीस दिलेल्या गोधडीचा भाव कोणी करू नये. परंतु विक्रीसाठी शिवावयाची, तर तासांची वही ठेवावी व मजुरी धरूनच किंमत सांगावी. मागणारा माघारी गेला तरी चालेल. गोधडी घरात पडून राहिल्याने नासत नाही, कारण ती वापरात असते.

इतर देशांतील बहिणी

जुनेर जोडण्याची ही विद्या आपल्यापुरतीच मर्यादित नाही. बंगालात कांथा, बिहारात सुजनी, सिंध व राजस्थानात रल्ली या नावांनी ती नांदते. सोलापूरच्या दक्षिणेस, कर्नाटकातील उत्तर कन्नड जिल्ह्यात, आफ्रिकी वंशाच्या सिद्दी स्त्रिया कवंदी शिवतात. त्यांचीही शिवण कडेपासून मध्याकडे जाते. चारही कोपऱ्यांस त्या दुमडलेल्या कापडाची त्रिकोणी ‘फुले’ लावतात. त्यांच्यावाचून कवंदी उघडी दिसते, अशी त्यांची समजूत आहे.

अमेरिकेतील अलाबामा राज्यात गीज बेंड नावाचे कापूस पिकविणाऱ्यांचे एक खेडे आहे. तेथील कृष्णवर्णीय स्त्रिया शेतकामाच्या फाटक्या विजारी व सदरे जोडून गोधड्या शिवीत. २००२ साली ह्यूस्टन येथील कलासंग्रहालयात त्यांचे प्रदर्शन भरले, व २००६ साली त्यांची चित्रे अमेरिकेच्या टपाल तिकिटांवर आली. त्या गावातील मिसूरी पेटवे या स्त्रीने १९४२ साली, पती निवर्तल्यानंतर, त्याचे शेतावर वापरलेले कपडे फाडून एक गोधडी शिवली. त्याची आठवण राहावी व तिच्याखाली निजता यावे, हा तिचा हेतू होता. तिच्या मुलीने तिला या कामी साहाय्य केले. तिला ते कपडे पेटीत जपून ठेवता आले असते. तिने ते पांघरले, म्हणूनच त्या कपड्यांची हकिगत आज जगास ठाऊक आहे.

ट्रंकेतील लुगडे

आता भवानी पेठेतील त्या घराकडे परत वळावे. नवरात्रापूर्वीच्या धुण्यासाठी ट्रंक रिकामी केली, तेव्हा गृहिणीने आईचे लुगडे उलगडले. घडी जेथे मोडली होती, त्या प्रत्येक रेषेवर कापड विरले होते. एका जागी बोट लावताच ते फाटले. कोणी नेसले नाही, कोणी ओढले नाही. केवळ तीन वर्षे एकाच घडीत राहिल्याने असे झाले. यात नवल नाही. एकाच घडीवर सतत ताण राहिल्यास सुती धागा तेथे दुबळा होतो. खळ न काढता ठेवलेल्या कापडास किडीचाही उपद्रव होतो. कोणतेही जपावयाचे कापड स्वच्छ धुऊन, पूर्ण वाळवून, जुन्या सुती फडक्यात गुंडाळून ठेवावे, व वर्षातून दोन वेळा तरी काढून घडी बदलावी.

मग कात्रीचा प्रश्न उरला नाही. सुनेने एक टोक धरले, गृहिणीने दुसरे धरले, आणि लुगडे घडीच्या रेषांवरच फाडण्यात आले. जे भाग धड होते, ते वरच्या व खालच्या अंगास घेतले. विरलेले भाग मधल्या थरात गेले. तेथे त्यांच्यावर ताण येत नाही. तांबडे काठ उसवून त्यांचा गोट केला. शेजारीण कोपऱ्यास बसून टाचू लागली. नातीने सुईत दोरा ओवण्याचे काम आपणाकडे घेतले, कारण चाळिशीनंतर दुपारच्या उजेडातही नेढे दिसत नाही. धावदोऱ्याच्या तिसऱ्या फेरीस नातीने विचारले, “आजी, हे कोणाचं आहे?” मग खुरपणीची, माहेरच्या विहिरीची व पणजीची गोष्ट निघाली. ट्रंक बंद होती, त्या तीन वर्षांत ती गोष्ट एकदाही निघाली नव्हती.

दिवाळी झाली, लेक माहेरी आली. बाळासाठी पातळ दुपटे व बाळंतिणीसाठी गोधडी, अशा दोन वस्तू एका लुगड्यातून व इतर जुन्या सुती कापडांतून झाल्या. काठाचा वीतभर तुकडा उरला, तो गृहिणीने सुया टोचून ठेवण्यासाठी आपल्या डब्यात घातला.

गृहिणींनी लक्षात ठेवावे

या वर्षी नवरात्रापूर्वी कपड्यांची आवराआवर करताना तीन ढीग करावेत. जे कोणाच्या अंगास येतील, ते धड कपडे गरजूंस द्यावेत. पॉलिस्टरचे जीर्ण कपडे पुसणी, पिशव्या यांकडे लावावेत अथवा बोहारणीस द्यावेत. मऊ झालेले सुती कापड मात्र डब्याच्या वा बादलीच्या मोबदल्यात हातचे जाऊ देऊ नये. ते धुऊन, वाळवून बोचक्यात बांधावे. पावसाळ्यात गोधडी ओलसर राहिल्यास तीस कुबट वास येतो, म्हणून ऊन पडताच ती दोन्ही बाजूंनी तापवावी.

घरात एखादी वृद्ध स्त्री असेल, तर तिच्या हाताशी एका मुलीस किंवा मुलास दोरा ओवावयास बसवावे. धावदोरा शिकण्यास एक दुपार पुरते. कोणते कापड कोणाचे होते, हे मात्र त्या वृद्धेलाच ठाऊक असते. तेव्हा शिवण चालू असतानाच ते विचारून घ्यावे.